खुरपायला बाया मिळत नाहीत म्हणजे नेमकं काय?

मागच्या दीड वर्षात मी जेवलेल्या एकाही पंगतीत हा विषय निघाला नाही असं झालं नाही. "लाडकी बहीण आली आणि खुरपायला बाया मिळेनाशा झाल्या." कोणीतरी मामा हे म्हणतात, आजूबाजूचे माना डोलावतात, शहरातून आलेला जावई "आमच्या टॅक्सच्या पैशातून" अशी सुरुवात करतो, मग एखादा चिडलेला पुतण्या उद्योगपतींच्या कर्जांवर जातो आणि मठ्ठा येईपर्यंत दोन्ही बाजू आपापल्या जागी जशाच्या तशा. बरं, हे फक्त पंगतीत चालतं असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन चेन्नईत म्हणाले की सरकारी योजनांमुळे मजूर गाव सोडून कामावर यायला तयार नसतात (हे तेच, ज्यांचं आठवड्याला ९० तास कामाचं वक्तव्य गाजलं होतं). त्याच आठवड्यात सुप्रीम कोर्टात बेघरांच्या निवाऱ्याच्या केसमध्ये न्या. भूषण गवई यांनी लाडकी बहीणचं नाव घेऊन साधारण हेच म्हटलं, की मी शेतकरी कुटुंबातला आहे, महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नाहीत. म्हणजे पंगत, कंपनी आणि कोर्ट, तिन्हीकडे एकच तक्रार. एवढ्या वेगवेगळ्या लोकांना एकच गोष्ट दिसतेय तर त्यात काहीतरी तथ्य असणार हे मला मान्यच आहे, पण ते नेमकं काय आहे हे कोणी उकलून बघत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. लाडकी बहीणच्या महिन्याच्या पंधराशे रुपयांनी कोणी आळशी होत नाही. पण पंधराशे रुपये म्हणजे मजुरी नव्हे, आणि सरकार (कुठल्याही पक्षाचं घ्या) ते मजुरीच्या जागी बसवायला निघालंय. ह्यावर भांडायचं सोडून आपण बायकांच्या स्वभावावर भांडत बसलोय. दिवसभर राबूनही घर का चालत नाही, आणि जो पैसा कमी पडतो तो खरं तर कोणाच्या खिशातून यायला हवा, हा वाद कोणी घालतच नाहीये.

आधी हिशोब. १५०० भागिले ३०, दिवसाला ५० रुपये. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये रोज ठरली, म्हणजे लाडकी बहीणचा अख्खा महिना रोजगार हमीच्या पाच दिवसांच्या कामाएवढाही भरत नाही. केंद्र सरकारच्याच खर्चाच्या पाहणीत २०२३-२४ साली ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४१२२ रुपये निघाला. चार माणसांच्या घराला साडेसोळा हजार धरा, त्यात पंधराशे म्हणजे अकरावा हिस्सा झाला, उरलेले दहा हिस्से काय घरात बसून येतात? पाच दिवसांच्या मजुरीवर महिनाभर लोळणारी बाई कोणी प्रत्यक्ष बघितली असेल तर मला तिच्याकडून घरखर्च कसा चालवायचा हे शिकायचंय.

आता "बाया मिळत नाहीत" हे वाक्य पूर्ण करून बघा. मिळत नाहीत, पण कुठल्या भावात? कांद्याची टंचाई झाली की आपण म्हणतो कांदा महागला. सिमेंट मिळेना झालं तर सिमेंट महागलं. सोन्याचं तर विचारूच नका. जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल आपल्याला हे कळतं की मिळत नाही म्हणजे जुन्या भावात मिळत नाही, फक्त मजुराच्या बाबतीत आपली भाषा बदलते, मजूर महागला असं कोणी म्हणत नाही, मजूर माजला म्हणतात. आणि ह्या एका शब्दात सगळा वाद वाकडा होतो, कारण महागाईवर उपाय शोधता येतो, माजावर फक्त संताप करता येतो. दिवसाला ५० रुपयांनी होतं ते एवढंच की ताप असताना दुसऱ्याच्या रानात जायलाच पाहिजे अशी वेळ एखाद-दोन दिवस टळते, अंगावरची उचल थोडी कमी घ्यावी लागते, सगळ्यात वाईट भाव देणाऱ्याला "उद्या बघू" म्हणता येतं. हे "उद्या बघू" ज्याला ऐकावं लागतं त्याला तो आळस वाटतो. पगारदार माणूस जास्त पगाराची ऑफर येईपर्यंत आहे ती नोकरी धरून बसतो त्याला आपण हुशारी म्हणतो ना?

हे काही माझ्या मनाचं नाही. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली सहा देशांतल्या सात रोख मदत योजनांचे आकडे एकत्र करून तपासले, मेक्सिको, इंडोनेशिया, फिलिपिन्स, मोरोक्को वगैरे. पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम कमी केलं असा ठोस पुरावा त्यात सापडला नाही, ना पुरुषांमध्ये ना बायकांमध्ये. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये 'सेवा' (SEWA) ह्या कष्टकरी बायकांच्या संघटनेने काही गावांत सगळ्यांना बिनशर्त थोडे थोडे पैसे देऊन बघितले होते, तिथे तर लोकांचं काम वाढलंच, कारण बी-बियाणं, शेळी, शिलाई मशीन असल्या गोष्टींना हातात थोडी रोकड आली. आता कोणी म्हणेल की मेक्सिकोचं आम्हाला काय सांगता. बरोबर आहे, लाडकी बहीणचा तसा कसून अभ्यास व्हायला हवा. पण मग तोपर्यंत पंगतीतल्या निकालालाही पुरावा म्हणू नका.

पण मामांची बाजू मी खोटी ठरवत नाही, आणि मला वाटतं योजनेच्या बाजूने बोलणारे इथेच फार उर्मटपणे वागतात. मामा काही जमीनदार नाहीत. चार-पाच एकर रान, त्यात सोयाबीन. २०२४-२५ साली सोयाबीनचा हमीभाव होता ४८९२ रुपये क्विंटल, आणि बाजार समितीत काय भाव मिळाला हे त्या हंगामात सोयाबीन विकलेल्या कोणालाही विचारा, हमीभावाच्या बराच खाली. खत महाग, फवारणी महाग, डिझेल महाग, ह्या सगळ्यात दाबता येईल असा एकच खर्च शेतकऱ्याच्या हातात उरतो तो म्हणजे मजुरी, कारण खताच्या कंपनीला "उद्या देतो" म्हणता येत नाही, खुरपणाऱ्या बाईला म्हणता येतं. तेव्हा त्याला मजुरी वाढवून द्या असं एसीत बसून सांगणं सोपं आहे. तो स्वतःच पिचलेला आहे. पण ह्यातून निघतं काय? निघतं हे की शेतमालाचा भाव पाडून शहराला स्वस्त जेवू घालायचं जे धोरण आहे त्याचा शेवटचा हप्ता खुरपं हातात असलेली बाई भरते. शेतकऱ्याला भाव मिळाला नाही म्हणून तिने कमी घ्यायचं, आणि तिने थोडं जास्त मागितलं की दोष तिच्या पंधराशेचा. दोन गरिबांची अशी झुंज लावली की तिसऱ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आणि ही तक्रार नवी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा मागे जावं. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, त्यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम हा प्रयोग करून बघितला. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला, १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलाव आणि रस्ते बांधत होती, आणि त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, देशात पहिला. तेव्हाही बागायतदारांची ओरड हीच होती की आता शेतावर कोण येणार. ह्या कामांवर बायका प्रचंड संख्येने होत्या आणि कामाचा दर बाईला वेगळा आणि पुरुषाला वेगळा नव्हता, हे त्या काळात गावच्या रानात कुठेच नव्हतं. झोंबलं ते तिथे. हमीवर सरकारने खर्च किती केला ह्यापेक्षा शेजारच्या रानातल्या मजुरीला खालून एक टेकू मिळाला हे महत्त्वाचं होतं. पुढे आंध्रमध्ये मनरेगाचे, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीचे, पैसे स्मार्टकार्डने नीट वेळेवर द्यायला सुरुवात झाल्यावर संशोधकांनी मोठ्या प्रमाणावर तपासलं तेव्हाही हेच दिसलं की गरीब घरांचं जे उत्पन्न वाढलं त्यातला फार मोठा वाटा मनरेगाच्या मजुरीतून आलेला नव्हता, बाहेरच्या खासगी कामाची मजुरी वाढल्यामुळे आला होता. आणि खासगी काम घटलं का? नाही.

जावईबापूंच्या टॅक्सचंही इथेच सांगून टाकतो, कारण मजेशीर आहे. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, तो बघितलाय? तो १९७५ साली ह्या रोजगार हमीला पैसा उभा करायला म्हणूनच आला. म्हणजे शहरातल्या नोकरदाराने गावातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा हा करार महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी उघडपणे केला होता, कोणाला लाडकं-दोडकं न करता. आणि त्याची वर्षाची कमाल मर्यादा, २५०० रुपये, ही १९८८ च्या घटनादुरुस्तीपासून तशीच आहे. १९८८ पासून दुसरं काय तसंच राहिलंय सांगा बरं?

हं, आता १९८८ चं नाव निघालंच आहे तर माझ्या बाजूला न परवडणारी गोष्टही सांगायला हवी. त्याच वर्षी शेतमजुरांचं किमान वेतन जवळपास दुप्पट झालं, आणि रोजगार हमीची मजुरी त्याला बांधलेली असल्यामुळे तीही वाढली. पैसा मात्र त्या हिशोबाने वाढवला नाही. परिणाम असा झाला की कामं काढणंच कमी झालं, मागेल त्याला काम ह्याऐवजी मिळेल त्याला काम अशी स्थिती आली, पुढच्या अभ्यासांनी हे दाखवून दिलंय. म्हणजे कागदावर मजुरी वाढवली की मजुराचं भलं झालंच असं नाही. जे लोक म्हणतात की रोख वाटप बंद करा आणि किमान वेतन वाढवा, झालं काम, त्यांनी हा धडा विसरू नये. मजुरी वाढवणं म्हणजे आदेश काढणं नव्हे, ती द्यायला लागेल अशी परिस्थिती तयार करावी लागते.

आता विरोधकांचा सगळ्यात भारी मुद्दा. पंगतीत तो कोणी काढत नाही, पण अर्थशास्त्र वाचलेले काढतात. इंग्लंडमध्ये १७९५ साली, धान्य भयंकर महागलं होतं तेव्हा, बर्कशायर परगण्यातल्या न्यायाधीशांनी स्पीनहॅमलंड नावाच्या ठिकाणी बसून ठरवलं की पावाचा भाव आणि घरातली माणसं बघून मजुराच्या मजुरीत जेवढं कमी पडेल तेवढं धर्मादाय निधीतून भरून द्यायचं. हेतू चांगला. पण टीका अशी झाली की शेतमालकांनी मजुरी आणखी पाडली, कारण उरलेलं गाव भरणारच होतं. १८३४ च्या आयोगाने ह्यावर झोड उठवली आणि पुढे गरिबांना कोंडवाड्यासारख्या वर्कहाउसात घालणारा कायदा आला. नंतरच्या इतिहासकारांनी दाखवलं की त्या आयोगाने पुरावे बघायच्या आधीच निष्कर्ष काढून ठेवला होता, पण तरी मूळ शंका खोटी नाही: सरकार मजुरीत भर घालणार असेल तर मालक मजुरी का वाढवेल?

उत्तर देता येतं, आणि ते तपशिलात आहे. स्पीनहॅमलंडमध्ये मजुरी जितकी कमी तितकी मदत जास्त होती. मजुराने दोन पैसे जास्त मिळवले की तेवढीच मदत कापली जायची, म्हणजे भांडून त्याचा फायदा शून्य आणि पाडून मालकाचा तोटा शून्य. लाडकी बहीणमध्ये तसं नाही. बाई महिन्यात पाच दिवस कामाला गेली काय आणि पंचवीस दिवस गेली काय, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत असेल तर पंधराशे तेवढेच. त्यामुळे ते मालकाच्या बाजूने पडत नाहीत, भाव करताना तिच्या बाजूने पडतात. मामांची तक्रार हाच त्याचा पुरावा आहे की! स्पीनहॅमलंड झालं असतं तर मजूर स्वस्त झाले असते आणि मामा खुश असते. एकाच श्वासात "मजूर येत नाहीत" आणि "ह्याने मजुरी पडेल" अशी दोन्ही भाकितं करता येत नाहीत, कुठलं तरी एक निवडा.

तरीपण एका बाबतीत ती शंका मला छळते. मालक नाही पण सरकार स्वतः स्पीनहॅमलंड खेळू शकतं. म्हणजे पंधराशे दिले ना, मग अंगणवाडी सेविकेचं, आशाताईचं मानधन वाढवायची काय घाई. पंधराशे दिले ना, मग किमान वेतनाची अंमलबजावणी बघणारे इन्स्पेक्टर कशाला नेमायचे. हा धोका खरा आहे आणि तो टाळायचा तर किमान वेतन मुळात कशासाठी होतं ते आठवावं लागेल.

१९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार ह्या तिघांनी मिळून एक सूत्र मान्य केलं होतं. एका कमावत्या माणसाच्या मजुरीत तीन एकक (एका मोठ्या माणसाची खाण्या-वापराची गरज म्हणजे एक एकक) भागले पाहिजेत, स्वतः एक, बायको पॉइंट आठ, दोन मुलं पॉइंट सहा प्रत्येकी. प्रत्येक एककाला २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी वर २० टक्के. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य वगैरेसाठी आणखी २५ टक्के घातले. बायका-मुलांची कमाई ह्या हिशोबात धरायची नाही असंही ठरलं होतं. म्हणजे किमान वेतन हेच आपलं कुटुंब धोरण होतं, वेगळ्या योजनेची गरजच पडू नये असा त्याचा अर्थ. आता गंमत बघा. सातव्या वेतन आयोगाने केंद्राच्या सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याचा पगार ठरवताना हेच सूत्र वापरलं आणि २०१६ पासून तो महिना १८,००० झाला, वर महागाई भत्ता. २०१९ मध्ये अनुप सत्पथींच्या समितीने देशातल्या सगळ्या कामगारांसाठी असाच हिशोब करून रोजचा ३७५ रुपये आकडा काढला. आणि सरकारने २०१७ पासून देशभराची किमान पातळी म्हणून जो आकडा ठेवला होता तो किती? रोज १७६ रुपये. २६ दिवस भरले तर ४५७६. तोही बंधनकारक नाही, फक्त सूचना. मजुराचं पोट आणि शिपायाचं पोट ह्यात इतका फरक आहे का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली आणि तिने देशपातळीवरच्या किमान वेतनाला कायद्याचा आधार दिलाय हे चांगलंच आहे, पण त्यात कुठला आकडा भरतात ह्यावर आपल्या पंगतीत कधी आवाज चढलाय? मी तरी ऐकला नाही.

ह्या तीन एककांच्या सूत्रात एक खोट आहे, ती मात्र कामगार चळवळीतल्या लोकांनीही नीट बघितली नाही. कमावता पुरुष, बायको पॉइंट आठ. ऑस्ट्रेलियात १९०७ साली न्या. हिगिन्स यांनी हार्वेस्टर खटल्यात असाच निकाल दिला होता, की साध्या मजुरालाही बायको आणि तीन मुलं पोसता येतील इतकी मजुरी, दिवसाला सात शिलिंग, मिळालीच पाहिजे. फार मोठा निकाल होता तो. पण पुढे त्याच तर्काने बाईची मजुरी पुरुषाच्या अर्ध्याच्या आसपास ठरली, कारण तिच्यावर कुठे कुटुंब आहे! ज्या घरात बाईच कर्ती आहे त्यांनी काय करायचं? आपल्याकडे ऊसतोडीत तर ह्याच्याही पुढची गोष्ट आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याची, ती मुकादमाकडून घेतो नवरा, हिशोब त्याच्या नावावर. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, वर स्वयंपाक, पाणी, पोरं, आणि मजुरीच्या हिशोबात ती वेगळी दिसतच नाही, तिला अर्धा कोयता म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, संघटना होती म्हणून मिळाली, पण ती वाढही कोयत्याला मिळाली.

म्हणून रोख रक्कम बाईच्या स्वतःच्या खात्यावर पडणं ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. ब्रिटनमध्ये एलिनॉर रॅथबोन नावाची बाई पंचवीसहून जास्त वर्षं हेच भांडत होती, की मजुरी ही कामाची असते, तिला घरात किती पोरं आहेत हे कळत नाही, तेव्हा मुलांसाठी वेगळा भत्ता द्या आणि तो आईच्या हातात द्या. तेव्हा विरोध कोणाचा? बऱ्याच कामगार संघटनांचा! भत्ता दिला की मालक मजुरी वाढवणार नाहीत अशी त्यांची भीती. शेवटी १९४५ मध्ये कायदा आला तेव्हा सरकारने पैसे बापाच्या नावे द्यायचं लिहिलं होतं, तिने संसदेत भांडून ते आईच्या नावे करून घेतलं. दुसऱ्या मुलापासून पुढे आठवड्याला पाच शिलिंग. ऑगस्ट १९४६ मध्ये पहिले पैसे वाटले गेले, त्याआधी जानेवारीतच ती वारली होती. आणि नंतरच्या पंचवीसएक वर्षांत ब्रिटिश कामगारांची मजुरी पडली का? उलट चांगली वाढली, कारण काम होतं आणि संघटना होत्या. भत्ता आणि मजुरी एकमेकींच्या सवती नाहीत, दोन्ही एका घरात नांदू शकतात, फक्त एकीला दाखवून दुसरीला हाकलायचं नाही.

आपल्याकडे नेमकी दुसरी घराबाहेर आहे. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी मांडलेल्या हिशोबानुसार २०१४-१५ ते २०२१-२२ ह्या काळात महागाई वजा जाता ग्रामीण मजुरीची वाढ वर्षाला एक टक्काही नव्हती, शेतमजूर घ्या नाहीतर बांधकाम मजूर. सरकारचाच २०२४-२५ चा आर्थिक पाहणी अहवाल म्हणतो की कंपन्यांचा नफा १५ वर्षांतल्या सगळ्यात वरच्या पातळीला गेला पण नोकऱ्या आणि पगार त्या प्रमाणात वाढले नाहीत. बायकांचा कामातला सहभाग २०१७-१८ ला २३.३ टक्के होता तो २०२३-२४ ला ४१.७ टक्के झाला म्हणून टाळ्या पडल्या, पण ह्यातल्या बऱ्याच बायका घरच्याच शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी हात लावणाऱ्या. म्हणजे ज्या वर्षांत बायका सगळ्यात जास्त कामात उतरल्या असं सरकार म्हणतं त्याच वर्षांत बायका कामाला येत नाहीत अशी आपली तक्रार. कोणाचं खरं धरायचं? आणि आळसाचाच विषय असेल तर सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कर ३० वरून २२ टक्के केला, सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडले, तेव्हा "आता कंपन्या गुंतवणूक करायच्या सोडून लोळत पडतील" असं कोणी म्हणाल्याचं आठवतंय?

लाडकी बहीणवरचे काही आक्षेप मात्र मी जसेच्या तसे मान्य करतो. योजना विधानसभेच्या तोंडावर जून २०२४ मध्ये आली, मतदानाआधी अर्ज सरसकट पास झाले, आणि निवडणूक झाल्यावर छाननी सुरू झाली, लाखो नावं अपात्र निघाली, त्यात हजारो पुरुष, मग ई-केवायसी. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून महिन्याला हजार मिळतात त्यांना इथून पाचशेच. २१०० चं आश्वासन अजून आश्वासनच. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्याचे शेकडो कोटी ह्या योजनेकडे वळवले गेले, त्यावर खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी दाखवली. दलित-आदिवासी पोरांच्या वाट्याचा पैसा त्यांच्याच आईच्या खात्यावर टाकायचा आणि ओवाळणी घातली म्हणायचं, ह्याचं समर्थन कसं करणार? नावातच सगळं आहे. तमिळनाडूने २०२३ मध्ये अशीच योजना आणली तर नावात "उरिमै" शब्द घातला, म्हणजे हक्क. आपण "लाडकी" ठेवलं. लाड हा करणाऱ्याच्या मर्जीवर असतो, आणि भावाची मर्जी फिरली की ई-केवायसी येते. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बायका घरच्या बिनपगारी कामाला दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८, त्या हिशोबाने हे पैसे म्हणजे लाड नव्हेतच, फार जुन्या थकबाकीचा किरकोळ हप्ता आहे.

मग पैसे द्यायचे कोणी? ह्याचं माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उत्तर १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात दिलं गेलंय. गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा द्यावी का ह्यावर चर्चा होती, मालकांचं म्हणणं की हे समाजाचं ओझं आमच्यावर का. डॉ. आंबेडकर म्हणाले की बराचसा भार सरकारने उचलायला हवा हे मला मान्य आहे, कारण ह्यात सगळ्यांचं हित आहे, पण बाईला कामावर ठेवून मालक फायदा कमावतो, तेव्हा त्याला ह्यातून पूर्ण मोकळं सोडता येणार नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. दोघांनी द्यायचं, आपापल्या वाट्याचं. १९६९ च्या माथाडी कायद्यातही हीच रीत आहे, अण्णासाहेब पाटलांनी लढून मिळवलेला: हमाल आज ह्या पेढीवर, उद्या त्या गाळ्यावर, मालक कायमचा एक नाहीच, मग सगळ्या मालकांनी मंडळात मजुरी आणि वर लेव्ही भरायची आणि मंडळाने हमालाला पगार, पीएफ, बोनस, सुट्टी द्यायची. कोणी म्हणतं त्यात आता दादागिरी शिरलीय, शिरली असेलही, पण पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला पीएफ मिळू शकतो हे महाराष्ट्राने करून दाखवलं. खुरपणाऱ्या, मोळी बांधणाऱ्या, चार घरी भांडी घासणाऱ्या बाईसाठी असं काही का नाही, तिला मालक कमी आहेत म्हणून का?

ह्या प्रश्नाऐवजी दिल्लीने काय केलं ते बघा. डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी नवा कायदा संसदेत मंजूर झाला. दिवस १०० चे १२५ केले, तेवढंच सगळीकडे छापून आलं. खर्चाचा ४० टक्के वाटा आता बहुतेक राज्यांच्या माथी, आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात, वर्षातून एकूण ६० दिवस, ही कामं बंद ठेवायची तरतूद. म्हणजे मामांच्या तक्रारीला सरकारने कायदा करून उत्तर दिलंय. सोयाबीनचा भाव नाही वाढवला, ज्या दिवसांत बाईला दोन ठिकाणचं काम तोलून भाव सांगता आला असता नेमके ते दिवस काढून घेतले. त्या साठ दिवसांत बांधावर उभं राहून भाव ठरवताना तिच्या बाजूला उरतात ते रोजचे पन्नास रुपये, तेही ई-केवायसी झाली असेल तर.